कापलेल्या टाळ्या

महाडच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या की मी स्वतः पिशवी घेऊन निघतो आणि वजनाच्या काट्यावरून एखाददुसरी हरकत नोंदवून परत येतो. या वर्षीही तसेच झाले. शेंगांच्या ढिगाशेजारी भांबुर्ड्याच्या जुड्या पडल्या होत्या. त्या पाल्याचा उग्र, किंचित औषधी वास नाकात गेला आणि मी भर बाजारात उभा राहिलो. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत असावी, कारण वळून पाहिले तेव्हा रिक्षावाल्याचे तोंड हलताना दिसले. हॉर्न मला ऐकू आला नाही. मला त्या वेळी काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा दिसत होता: पोलादपूरकडचे कापणी झालेले भाताचे शेत, त्यात वालाचे हिरवे पट्टे, पेंढ्याचा धूर आणि त्या धुरात उभे असलेले माणसाच्या उंचीचे दोन काळे ध्वनिक्षेपक.

ज्या माणसाने हयातभर ध्वनिक्षेपकांविरुद्ध अर्ज केले, त्याला ध्वनिक्षेपकाच्या आठवणीने भरून यावे, ही गोष्ट महाडमध्ये विनोद म्हणून सांगितली जाते. खुशाल सांगावी. तपशील मात्र बरोबर असावा, म्हणून हे लिहीत आहे.

मुंबईत कायदा शिकत असताना मी पदपथावरच्या एका दुकानातून जुनी तबकडी विकत घेतली होती. चार इंग्रज तरुणांनी एका संध्याकाळी भरल्या सभागृहात वाजवलेल्या रॉक संगीताची ती तबकडी होती. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव सांगितले की लोक नावावरच वाद घालतात आणि मुद्दा बाजूला राहतो. मुद्दा असा, की स्टुडिओत जुळवलेले गाणे आणि माणसांसमोर वाजवलेले गाणे यांत कागदावरचा करार आणि समोरासमोर दिलेला शब्द यांच्याइतका फरक असतो. वसतिगृहातल्या त्या खोलीत तबकडी फिरू लागली आणि शेकडो अनोळखी माणसांचा श्वास माझ्या कॉटपाशी आला. त्या दिवसापासून मी त्या सभागृहाचा झालो.

पण तबकडीत एक खोट होती. तिसरे गाणे संपते, टाळ्या उसळतात, सावित्री नदीला उधाण यावे तशा चढत जातात, आणि ऐन शिगेला कोणीतरी कात्री चालवावी तशा थांबतात. लगेच चौथे गाणे. त्या दोन गाण्यांमध्ये काहीतरी होते आणि ते काढून टाकले होते. वेष्टनावर मात्र 'प्रत्यक्ष मैफल' असे ठळक अक्षरांत छापलेले. महाडला दिवाणी वकिली सुरू केल्यावर मी तबकडी काढणाऱ्या कंपनीला पहिले पत्र लिहिले. मैफलीचा कोणता भाग वगळला, कोणाच्या संमतीने वगळला आणि तसे वेष्टनावर का नमूद केले नाही, असे तीन सरळ प्रश्न होते. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले: मनःपूर्वक आभार आणि चौघांचे एक छायाचित्र. मी खुलासा मागितला होता. छायाचित्र मी परत पाठवले.

पत्रे चालू राहिली. आमच्या घरात, म्हणजे माझ्या पत्नीला, कुमुदला, ती पत्रे पाठ झाली होती. "अहो, त्या विलायतेत तुमच्या नावाचं वेगळं कपाट केलं असेल," ती म्हणायची. "निदान इथल्या लोकांना तेवढी उसंत."

इथल्या लोकांना उसंत अशी मिळत नव्हतीच. गावोगावच्या वराती, हळदी, उत्सव यांतल्या बेसुमार आवाजाविरुद्ध मी लिहीत असे, आणि त्या अर्जांत सर्वांत अधिक वेळा ज्याचे नाव आले तो म्हणजे सदानंद. पोलादपूरजवळच्या एका वाडीचा हा माणूस. शेती थोडी आणि मंडपात ध्वनिक्षेपक लावण्याचा धंदा मोठा. एका गणपतीत माझ्या अर्जावरून त्याचे सगळे सामान जप्त होऊन सण संपेपर्यंत अडकून पडले होते. तो अर्ज योग्य होता. आजही तो मी तसाच लिहीन.

नव्वदच्या दशकात बाहेरच्या नियतकालिकांतून कळू लागले की जुन्या मैफलींच्या तबकड्या आता विस्तारित आवृत्तीत निघत आहेत. गुदामांत पडलेल्या मूळ फिती कोणीतरी शोधून काढत होते, साफ करत होते आणि वगळलेले सारे जागच्या जागी परत बसवत होते. माझ्या तबकडीची पाळी यायला आणखी बरीच वर्षे लागली. ती आली तेव्हा माझे कान जाऊ लागले होते.

डॉक्टर स्पष्टवक्ते होते. उंच स्वर आधी जातील, मग शब्द गढूळ होतील, नंतर राहील ती नुसती धडधड. किती दिवसांत, ते सांगता येणार नाही. यंत्र लावता येईल, पण ते बोलणे कळण्यासाठी. संगीत त्यातून पत्र्याच्या डब्यात ओतल्यासारखे लागते. मी त्यांच्याशी वाद घातला. पहिल्याच मुद्द्यावर हरलो, कारण त्यांचा युक्तिवाद मला दोनदा विचारावा लागला.

त्याच हिवाळ्यात माझे मित्र इब्राहिमभाई यांचा मुलगा जावेद मस्कतहून सुट्टीवर आला. इब्राहिमभाई स्वतःही उमेदीची वर्षे तिकडेच राबून परतलेले. महाडला त्यांचा ट्रकचा धंदा. माझ्या या वेडाला त्यांच्याइतका साक्षीदार कोणी नाही. ते जावेदला आणायला वीर स्टेशनवर गेले आणि घरी न जाता मुलाला घेऊन तडक माझ्या दारात आले. जावेदने बॅगेतून एक जाड पाकीट काढले. दोन सीडी आणि एक पुस्तिका. वर छापले होते: संपूर्ण मैफल, मूळ क्रमाने.

पुस्तिका मी त्याच बैठकीत वाचून काढली. वाचता वाचता मला न्यायालयातली दोन प्रकारची कागदपत्रे आठवली. निकालपत्र नीटनेटके असते. त्यात कोणी खोकत नाही, कोणी रडत नाही, प्रत्येक परिच्छेद निष्कर्षाकडे निघालेला असतो. पण मूळ जबानी वाचावी. साक्षीदार मध्येच पाणी मागतो, 'आठवत नाही' म्हणतो, विचारले त्याचे उत्तर न देता गेलेल्या बैलाविषयी बोलतो. खरा माणूस तिथे असतो. जुनी तबकडी हे निकालपत्र होते. हातातली विस्तारित आवृत्ती ही जबानी होती: चुकलेले सूर, जुळवताना किणकिणणाऱ्या तारा, दोन गाण्यांमधली बडबड, सारे राखलेले. ज्या कोण्या अज्ञात माणसाने त्या फिती फेकून दिल्या नाहीत, त्याच्याविषयी मला जे वाटले ते मला कोणत्याही न्यायाधीशाविषयी वाटलेले नाही.

संध्याकाळी घरात सीडी लावली. धडधड ऐकू आली. त्यावर चिखलासारखे काहीतरी. आवाज वाढवला तर चिखल वाढला. कुमुद स्वयंपाकघरातून धावत आली. फळीवरची भांडी वाजत होती म्हणे. जावेदने कानाला लावायचे हेडफोन आणून दिले, तर कानात नुसती शिट्टी. पहिले गाणे संपायच्या आत मी सीडी बाहेर काढली. अर्धवट ऐकणे मला नामंजूर होते. अर्धवट तर मी तारुण्यापासून ऐकतच आलो होतो.

त्यानंतरच्या दिवसांत मी फारसे कोणाशी बोललो नाही. एकही पत्र लिहिले नाही. पोस्टमन चौकशी करून गेला.

याच सुमारास इब्राहिमभाईंच्या पुतणीचे लग्न पोलादपूरला होते. मी दोन हेतूंनी गेलो: जेवायला आणि आवाजाबद्दल हरकत घ्यायला. मंडप मोकळ्या माळावर होता. हरकत घेण्यासाठी मी ध्वनिक्षेपकाच्या जवळ गेलो आणि थबकलो. गाण्याचे शब्द कळत होते. महिनोन्‌महिन्यांत प्रथमच एक संपूर्ण ओळ, शब्दावर शब्द न चढता, माझ्यापर्यंत आली होती. डॉक्टरांनी मागाहून सांगितले की बंद खोलीत आवाज भिंतींवर आपटून गढूळ होतो. उघड्यावर तसे होत नाही. मी तिथे उभाच राहिलो. यंत्रामागून सदानंद संशयाने माझ्याकडे पाहत होता. त्याने आपण होऊन आवाज कमी केला. मी त्याला हाताने वर करण्याची खूण केली. तो इतका घाबरला की त्याने यंत्रच बंद केले.

इब्राहिमभाईंनी हे सारे पाहिले होते. मला न विचारता ते दुसऱ्याच दिवशी, माझी मैफल उघड्यावर लावता येईल का हे विचारायला, सदानंदाच्या वाडीला गेले. हे मला कळले तेव्हा मी संतापलो. ज्याच्याविरुद्ध माझे अर्ज प्रलंबित आहेत, त्याच्याकडून उपकार घेणे शिष्टसंमत नाही, असे मी त्यांना ऐकवले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, कान तुमचे चाललेत, डोकं नाय चाललं. जरा वापरा ते."

सदानंद स्वतः घरी आला. ओटीवर बसला. चहा घेतला. मोठ्याने बोलला, त्या हंगामात माझ्याशी सगळेच मोठ्याने बोलत.

"माझ्या शेतात लावू. वाल तयार हाय, पोपटी पन करू. मोठे बॉक्स आनतो. पन एक सांगतो साहेब, परवानगीबिगर वायर जोडनार नाय."

"ते मीच तुम्हाला सांगणार होतो."

"तुमी काय सांगनार! गनपतीत माझा जनरेटर तुमच्या पायी अडकून पडला व्हता. आता अर्ज तुमीच लिवा, सही तुमची. कागद माझ्या खिशात आला का मगच बटन दाबीन."

कुमुद पदर तोंडाला लावून आत गेली.

मी अर्ज लिहिला. इतका काळजीपूर्वक अर्ज मी क्वचितच लिहिला असेल. दिवसा, दिवस मावळेपर्यंतच, वस्तीपासून दूर, मर्यादित आवाजात. ज्या कार्यालयात तो दिला त्याचे नाव येथे लिहीत नाही. ती माणसे वाईट नव्हती. अर्ज पोचल्याचा आवक शिक्का मारलेली स्थळप्रत मी घेतली. "दोन दिवसांत माणूस पाठवतो," असे मला सांगण्यात आले आणि मी समजलो की परवानगी घेऊन माणूस येईल. ठरलेल्या दिवशी दुपारी इब्राहिमभाई, कुमुद आणि मी शेतावर पोचलो, तेव्हा तो यायचा होता. सदानंद शिक्क्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "तुमचा शिक्का म्हंजे पक्काच," म्हणत त्याने अखेर वायर जोडली. आपला नियम त्याने मोडला तो माझ्यावरच्या विश्वासाने.

दुपार कलली होती. काशेडी घाटाच्या दिशेने डोंगर निळसर होत होते. सदानंदाची बायको पोपटीसाठी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा दाबून भरत होती. मला ध्वनिक्षेपकांच्या समोर खुर्ची दिली होती, शेजारी कुमुदला. वाडीतली माणसे बांधावर बसली. पोरीबाळी, म्हातारे, सगळे. साहेबांचे देवाचे काहीतरी आहे, अशी कोणीतरी समजूत करून दिली असावी, कारण दोघा-तिघांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

सदानंदाने बटण दाबले आणि ते सभागृह माझ्या अंगावर चालून आले. उंच स्वर नव्हते, ते गेलेच होते. पण शब्द होते, तारांचा खरखरीतपणा होता, ढोलाच्या चामड्यावर पडणारी काठी होती. पहिले गाणे, दुसरे, तिसरे. मग त्या टाळ्या. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. टाळ्या चढल्या, त्या जागेवर आल्या, आणि तशाच पुढे गेल्या. पुढे, आणखी पुढे, थकून, विरळ होत. गायक खोकला. त्याने पाणी मागितले. कोणीतरी ते आणून देईपर्यंत तो काहीतरी पुटपुटत राहिला आणि सारे सभागृह हसले. एवढेच होते. इतकी वर्षे माझ्यापासून दडवलेला भाग म्हणजे एका तहानलेल्या माणसाने पाणी पिणे. मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो.

त्याच वेळी बांधावरून एक शिपाई येताना दिसला.

"आवाज बंद करा," तो ओरडला. "तक्रार आलीय."

"कुनाची रं?" सदानंदाने विचारले.

शिपायाने कागद उलगडला, नाव वाचले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा कागदाकडे. "यांचीच."

बांधावर जो हशा पिकला तो मला ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू आला.

"मी परवानगी मागितली आहे," मी म्हणालो. "वरचा विषय वाचा."

"साहेब," तो अजिजीने म्हणाला, "खाली तुमची सही दिसली का वरचा विषय कोन वाचत नाय. अर्ज सरळ तक्रारीच्या फायलीत. मला सांगितलं, जा, बंद करून ये."

सदानंद पुढे झाला. "पावन्या, बस हितं. पोपटी खा. तू आलास आनि आवाज बंद झालेला व्हता, असं सांग."

शिपाई माणूस चांगला होता. त्याने मडक्याकडे पाहिले. "मी काय ऐकलं नाय असं समजा," तो म्हणाला.

साऱ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. सूर्य डोंगराकडे उतरू लागला होता. माझे कान पुढच्या महिन्यात असे असतील याची हमी कोणी देणार नव्हते, आणि एवढी तयारी पुन्हा होणेही कठीण होते. परंतु परवानगी मिळालेली नाही हे आता मला ठाऊक झाले होते. ज्या नियमावर बोट ठेवून मी या माणसाचे सामान अडकवले, तो नियम माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकणार असेल, तर माझे पूर्वीचे सारे अर्ज नुसते वैर ठरले असते.

"बंद करा, सदानंद," मी म्हणालो.

"अवो साहेब!"

"बंद करा."

कुमुद माझ्या डाव्या कानाशी आली. तो त्यातल्या त्यात बरा होता. "तुमच्या कायद्याला कान आहेत का हो?" ती म्हणाली. "तुमचे तरी होते." तिचे डोळे भरले होते, हे मी त्या वेळी पाहिले नाही असे दाखवले.

इब्राहिमभाईंनी माझ्या खिशातून स्थळप्रत काढून घेतली, मोटारसायकलला लाथ मारली आणि शिपायाला मागे बसवून निघून गेले.

मग आम्ही वाट पाहिली. सदानंदाने मडके पालथे घालून त्यावर पेंढा रचला आणि पेटवला. त्या धुरात बसलेलो असताना माझ्या मनात आले की आपण कंपनीला आभाराचे पत्र लिहिलेले नाही. (ते मी पुढे लिहिले. अवघड गेले. आभाराच्या पत्राला विषय काय लिहावा हेच सुचेना. दुसऱ्या परिच्छेदात पुस्तिकेतल्या छपाईच्या चुका दाखवल्यावर हात मोकळा झाला.) सदानंद शेजारी उकिडवा बसला.

"येत्या गनपतीत पन अर्ज करनार काय वो?"

"आवाज मर्यादेबाहेर गेला तर करणार."

"मंग बरं," तो म्हणाला. "नायतर मला वाटंल तुमी आजारी हाव." त्याने धगीतून एक निखारा काडीने आत सारला. पुढच्या गणपतीत मी अर्ज केला. त्याने आवाज कमी केला, आणि प्रसादाचे मोदक घरी पाठवले. मोदक मी स्वीकारले. त्याविरुद्ध कोणताही नियम मला सापडला नाही.

मोटारसायकल परतली तेव्हा शेतात सावल्या लांब झाल्या होत्या. इब्राहिमभाईंच्या हातात कागद होता: दिवस मावळेपर्यंत परवानगी. कागद त्यांनी माझ्याकडे न देता सदानंदाच्या खिशात घातला. "तिथला साहेब खूप हसला," ते म्हणाले. "म्हणाला, त्यांना सांगा, विषय लाल शाईनं लिहीत जा." पहिली सीडी पुरी करायला वेळ नव्हता, आणि तिच्यातली उरलेली गाणी मला जुन्या तबकडीवरून पाठ होती. मी दुसरी लावायला सांगितली. तिच्यातला उत्तरार्ध कधीच प्रसिद्ध झालेला नव्हता.

त्या तासाभराचे वर्णन मी करणार नाही. आज माझ्या कानात यंत्र आहे, त्यातून कुमुदचे बोलणे कळते, कुकरची शिट्टी कळते. संगीत कळत नाही. परंतु जे एकदा पूर्ण ऐकले ते मनात पूर्णच राहते, हा माझा अनुभव आहे, आणि तो मी शपथेवर सांगेन. शेवटच्या गाण्याला बांधावरची माणसे ध्वनिमुद्रणातल्या माणसांबरोबर टाळ्या वाजवू लागली. कोणत्या टाळ्या इंग्लंडच्या आणि कोणत्या पोलादपूरच्या, हे मला वेगळे करता आले नाही. मी तसा प्रयत्नही केला नाही.

मग सारे थांबले. सूर्याची कड अजून डोंगरावर होती. मी सदानंदाकडे पाहून हात जोडले. त्याने मान हलवली आणि यंत्राकडे बोट दाखवले. सीडी अजून फिरत होती.

"संपले ना?" मी विचारले.

"नाही," कुमुद म्हणाली. "काहीतरी आहे. अगदी बारीक."

मला काहीच ऐकू येत नव्हते. कंपनीने मैफल संपल्यावरही फीत चालू ठेवली होती आणि या आवृत्तीत तीही छापली होती. सदानंदाने आवाज वाढवण्यासाठी हात पुढे केला. मी नको म्हटले. मर्यादा ती मर्यादा.

कुमुदने खुर्ची जवळ ओढली. हे संगीत तिला कधी आवडले नाही. आयुष्यभर तिने ते भिंतीपलीकडून सोसले. आता ती पुढे वाकून, डोळे मिटून, ऐकत होती, आणि एकेक गोष्ट माझ्या डाव्या कानात सांगत होती.

"लोक चाललेत... पुष्कळ पावलं... कुणीतरी खुर्च्या उचलतंय. एक बाई हसली. तार गुंडाळतायत वाटतं, फरफटल्यासारखा आवाज येतोय... कुणीतरी शीळ घालतंय. आता तोही लांब गेला."

बांधावर कोणी हलले नाही. सदानंदाचा हात बटणावर होता, पण त्याने ते दाबले नाही.

"आता?" मी विचारले.

"थांबा," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "दार लावलं कुणीतरी."